आकाशाचे बेवारस खाते

बँकेत एक नियम आहे. एखाद्या खात्याला दहा वर्षं कुणी हातच लावला नाही, तर त्यातली रक्कम उचलून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा करायची. खातेदार हयात आहे की नाही, असला तर रागावलाय की विसरलाय, याची पत्राने चौकशी करायची, पत्र परत आलं की फायलीला लावायचं आणि मोकळं व्हायचं. बी.कॉम. होऊन काउंटरच्या आतल्या बाजूला बसल्यापासून मी अशी पुष्कळ खाती पाहिली. पण आपल्या सगळ्यांच्या नावावर असलेलं सर्वांत जुनं आणि सर्वांत मोठं बेवारस खातं बँकेत नाही. ते डोक्यावर आहे. त्याला आकाश म्हणतात.

तुम्ही आकाश शेवटचं कधी पाहिलंत? पाऊस येतोय का, किंवा वरच्या मजल्यावरून कुंडीचं पाणी कोण सोडतंय, हे बघायला मान वर केली असेल तर ती धरू नका. रात्री, काही काम नसताना, नुसते तारे बघायला म्हणून? नायगावपासून विरारपर्यंत हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला. एकाने आठवून आठवून सांगितलं, “माथेरानला गेलो होतो तेव्हा.” दुसरा म्हणाला, “लाइट गेले होते तेव्हा.” या दुसऱ्या उत्तरात सगळं आलं.

हे उत्तर फक्त आमच्याकडेच मिळतं असं समजू नका. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे अमेरिकेत लॉस एंजेलिसला भूकंप झाला. शहराचे लाइट गेले, घाबरलेली माणसं रस्त्यावर आली आणि त्यांनी वर पाहिलं. मग तिथल्या ग्रिफिथ वेधशाळेत फोन खणखणू लागले : भूकंपानंतर आकाश असं विचित्र का दिसतंय? वेधशाळेतल्या मंडळींना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. आकाशाला काहीही झालेलं नव्हतं. लोकांना तारे दिसले होते. जमीन हादरल्यावर घाबरणं मी समजू शकतो. पण आकाशगंगा जागेवर आहे म्हणून घाबरायचं, ही मात्र प्रगतीची पुढची पायरी.

त्या पायरीवर आम्हीही आता पोचलो आहोत. २००९ साली चार नगरपरिषदा आणि आजूबाजूची गावं एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत आम्ही बारा लाखांवर होतो. आज किती आहोत ते विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्यालाच विचारावं. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, मध्ये केळीच्या वाड्या, मिठागरं, विहिरी, देवळं आणि चर्च. माझ्या लहानपणी (मी काही फार म्हातारा नाही, चाळिशी ओलांडली एवढंच) उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपायची पद्धत होती. आजी ‘सप्तर्षी’ असा भारदस्त शब्द वापरत नसे. ती म्हणायची, “ती बघ म्हातारीची बाज आणि ते तीन चोर.” चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर, आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला टपलेले चोर. आज वसईत म्हातारीची बाजही दिसत नाही आणि चोरही दिसत नाहीत. सगळा ऐवज चोरांसकट चोरीला गेलाय आणि एकाही पोलीस ठाण्यात नोंद नाही!

ही चोरी उजेडाने केली. पण इथे एक खुलासा करतो. माझं भांडण दिव्याशी नाही, दिव्याच्या तोंडाशी आहे. आमच्या सोसायटीच्या फाटकावर दुधी भोपळ्याच्या रंगाचा एक गोल दिवा आहे. त्याचा प्रकाश वर जातो, डावीकडे जातो, उजवीकडे जातो, समोरच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावर निजलेल्या गृहस्थांच्या उशीवर जातो. फक्त खाली, जिथे पायरी आहे, तिथे खांबाची सावली पडते. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आहे हो, वायरमनला दिलेली सूचना नव्हे!

बरं, वर गेलेला हा प्रकाश गुपचूप निघून गेला असता तरी हरकत नव्हती. पण तो हवेतल्या धुळीवर आणि बाष्पावर आपटून चोहीकडे पसरतो आणि त्यातला काही परत खाली येतो. म्हणजे गावाच्या डोक्यावर दुधी काचेचं झाकण. समुद्रकाठची दमट हवा आणि जागोजागी चाललेली बांधकामं, त्यामुळे या झाकणाला आमच्याकडे कच्चा माल भरपूर. त्यातही निळा रंग सर्वांत जास्त विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं ते याच कारणाने. आणि हल्ली बसतात ते पांढरेफेक एलईडी दिवे या निळ्या रंगाने ठासून भरलेले असतात. पूर्वीचे सोडियमचे पिवळे दिवे कावीळ झाल्यासारखे दिसत, पण आकाशाशी त्यांची वागणूक बरी होती.

आता थोडा हिशेब. हे मला कुणी शिकवू नये. २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात क्रिस्टोफर कीबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. २०११ ते २०२२ या काळात हौशी लोकांनी आपापल्या अंगणातून तारे पाहून पन्नास हजारांवर नोंदी केल्या होत्या. त्यावरून असं निघालं, की रात्रीचं आकाश दरसाल सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळतंय. ९.६ टक्के! आणि चक्रवाढ! एवढं व्याज आज आमच्या बँकेत ज्येष्ठ नागरिकालासुद्धा मिळत नाही. बहात्तरला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायची वर्षं निघतात, हे आम्ही कॉमर्सवाले झोपेतही सांगतो. उत्तर येतं साडेसात वर्षं. मूल अठरा वर्षांचं होईस्तोवर उजेड पाचपट. अभ्यासकांनी तोच हिशेब ताऱ्यांत मांडला : जन्माच्या वेळी जिथून २५० तारे दिसत होते, तिथून अठराव्या वर्षी दिसणार जेमतेम १००. मुलाला मताचा हक्क मिळाला त्या दिवशी त्याच्या खात्यातून दीडशे तारे वजा. या नोंदी बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या आहेत. आपल्याकडे वही उघडायलाच फारसं कुणी बसलेलं नाही.

गंमत म्हणजे उपग्रहांच्या मोजणीत ही वाढ एवढी दिसत नाही. कारण उपग्रह म्हणजे हेड ऑफिसचा इन्स्पेक्टर. तो वरून बघतो. आडवा जाणारा प्रकाश त्याला नीट सापडत नाही, आणि एलईडीचा निळा रंग त्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. शेरा मारतो : ‘स्थिती समाधानकारक.’ आणि २०१६ साली जगाच्या रात्रीचा जो नकाशा प्रसिद्ध झाला, त्यानुसार माणसांपैकी ८३ टक्के लोक उजेडाने बाटलेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांश लोकांना घरातून आकाशगंगा दिसतच नाही.

“मग बिघडलं काय?” असं विचारणारे भेटतात. तारे बघून पगार वाढतो थोडाच! बरोबर आहे. पण लग्नात गुरुजी नवरा-नवरीला अरुंधती दाखवतात, त्याचं काय करायचं? सप्तर्षींतल्या वसिष्ठाला चिकटून असलेली ती मंद चांदणी. ती दिसली की नजर चांगली, असं पूर्वी म्हणत. आता एसी हॉलमध्ये गुरुजी छताकडे बोट दाखवतात, नवरा-नवरी भक्तिभावाने झुंबराला नमस्कार करतात आणि फोटोग्राफर म्हणतो, “वहिनी, परत एकदा वर बघा.” हॉलच्या बाहेर आणून उपयोग नाही, कारण बाहेर हॉलचीच रोषणाई. शतकानुशतकं प्रत्येक लग्नाला साक्षीदार म्हणून हजर राहिलेली बाई. आता समन्स निघतं, पण साक्षीदार सापडत नाही. कोजागरीला आम्ही गच्चीवर मसाला दूध आटवतो. त्यात चंद्रकिरण पडावेत अशी श्रद्धा, पडतो टाकीवरचा हॅलोजन. पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून ठरलेलं लग्न मोडणारी माणसं माझ्या माहितीत आहेत. त्यांतल्या एकानेही आकाशातला मंगळ पाहिलेला नाही. ज्याला कधी भेटलोच नाही त्याची एवढी धास्ती फक्त इन्कम टॅक्सवाल्याची असते.

कोकणातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्यांनी मराठी माणसाला तारे दाखवायला ‘ज्योतिर्विलास’ नावाचं पुस्तक लिहिलं आणि त्याला जोडनाव दिलं ‘रात्रीची दोन घटका मौज’. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. चर्चगेटहून विरारला फास्ट लोकलने यायला लागतो त्याहून कमी वेळ. तिकीट नाही, धक्के नाहीत, चौथी सीट मागणारा नाही. मास्तरांनी मौज फुकट वाटली होती. आम्ही ती वीज जाळून, बिल भरून घालवली.

आणि नुकसान एकट्या माणसाचं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. वाळूतून वर आलेलं पिल्लू सर्वांत उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धावतं, कारण लाखो वर्षं रात्रीचं उजळ क्षितिज म्हणजे समुद्र, हा त्यांचा हिशेब चुकला नव्हता. अशा किनाऱ्यावर एखाद्या हॉटेलाचा फोकस लागला, की बोटभर पिल्लू समुद्राकडे पाठ करून हॉटेलाकडे निघतं. काजव्याचं दुःख वेगळंच. नर काजवा उजेडाची उघडझाप करून मादीला निरोप धाडतो. फ्लडलाइटच्या खाली काजव्याने लग्नाची मागणी घालायची म्हणजे डीजेसमोर उभं राहून शीळ वाजवायची. स्थळ बघायच्या आधीच नापसंत!

आता आक्षेप. पहिला आक्षेप, “दिवे कमी केलेत तर बायका-मुली रात्री घरी कशा येणार?” हा हसण्यावारी न्यायचा आक्षेप नाही. आमची सौ. महिन्यातले पंधरा दिवस दुसऱ्या पाळीला असते आणि रात्री साडेदहानंतर स्टेशनवर उतरते. तिने एकदा मला तो रस्ता दिवे मोजत दाखवला. नाक्यावरच्या होर्डिंगला सहा फोकस. त्यावर ज्याचा पायाही भरलेला नाही अशा टॉवरची जाहिरात आणि गॅलरीत कॉफी पिणारी एक बाई. पुढे लग्नाचा हॉल. त्याच्या नारळांना बुंध्यापासून झावळीपर्यंत दिव्यांच्या माळा. त्यापुढे आमची गल्ली. गल्लीत दिवा एकच, तो पावसाळ्यापासून बंद. त्याच्या दुरुस्तीसाठी मी एका कचेरीत तीन अर्ज दिले आहेत. तिन्हींवर आवक क्रमांक सुंदर अक्षरात पडला आहे. सौ. म्हणाली, “त्या होर्डिंगमधल्या बाईला जेवढा उजेड आहे, त्याच्या निम्मा मला दिला तरी मी सुखरूप घरी पोचेन.”

या एका वाक्यावर माझा सगळा लेख ओवाळून टाकावा. आम्ही अंधार मागत नाही. उजेडाचं फेरवाटप मागतो. जिथे पाऊल पडतं तिथे दिवा हवाच, आणि चालू हवा. पण डोळ्यात घुसणारा फोकस संरक्षण करत नाही. झगझगीत उजेडाने बाहुली आक्रसते आणि शेजारचा कोपरा होता त्याहून काळा दिसतो. चोराला दुसरं काय हवं? दिव्याला वरून टोपी घातली, तोंड खाली केलं, की कमी विजेत रस्ता जास्त दिसतो.

दुसरा आक्षेप विकासाचा. झगमगाट म्हणजे प्रगती. ज्याच्या गच्चीवरची टाकी रात्रभर वाहत असते त्याला आपण श्रीमंत म्हणत नाही, त्याला वॉचमनकडून निरोप पाठवतो. पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात ज्यांची उमेद गेली, त्या आमच्या गावाला तरी गळती म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. आकाशाकडे गेलेला उजेड ही गळतीच. मीटर मात्र फिरतो.

तिसरा आक्षेप छातीवर हात ठेवून घेतला जातो, “म्हणजे आता दिवाळीही करायची नाही का?” अहो, दिवाळी आपल्या पूर्वजांनी अमावास्येला ठेवली! पणतीला काळोख लागतो हे त्यांना ठाऊक होतं. बाराही महिने हॉलच्या नारळांवर दिवाळी लटकत राहिली, तर पणतीने मिणमिणायचं कुणासाठी? आकाशातला अंधार वाचवणारा माणूस दिवाळीचा शत्रू नसतो. उलट, दिवाळीचं भांडवल तोच सांभाळतो.

मग कायदा काय म्हणतो? पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्यात प्रदूषक म्हणजे घन, द्रव किंवा वायुरूप पदार्थ, अशी व्याख्या आहे. प्रकाश घन नाही, द्रव नाही, वायू नाही. रकान्यात बसत नाही, सबब त्रास नाही. कारकून म्हणून मला हे वाचून भरून आलं. रकाना नाही म्हणून माणसाला परत पाठवण्यात आमची हयात गेली. पण रकाना पाडता येतो, हेही आम्हालाच माहीत. आवाजाचं असंच होतं. १९८७ साली हवेच्या कायद्यात दुरुस्ती करून आवाजाला प्रदूषकांत बसवलं, २००० साली ध्वनीचे स्वतंत्र नियम झाले, आणि रात्री दहानंतर भोंगा लावणारा निदान घड्याळाकडे बघू लागला. कानाला जो न्याय मिळाला तो डोळ्याला का नको?

हे स्वप्नरंजन नाही. आपल्याच महाराष्ट्रात, नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतातलं पहिलं, आशियातलं पाचवं. त्यासाठी गावं अंधारात बुडवली का? मुळीच नाही. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले. म्हणजे वाघाच्या शेजारी राहणाऱ्यांनी दिव्याचं तोंड खाली केलं, तरी त्यांना भीती वाटली नाही. आणि आम्हाला मांजराच्या भीतीने हायमास्ट लागतो! मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदरमधल्या झाडांवरच्या रोषणाईविरुद्ध जनहित याचिका झाली. २०२४ साली उच्च न्यायालयाने नोटिसा काढल्या आणि मुंबईत झाडांवरच्या माळा उतरू लागल्या. म्हणजे न्याय खाडीपलीकडे भाईंदरपर्यंत आलाय; पुढची लोकल त्याला अजून मिळालेली नाही. बाहेर बघायचं तर अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफ गावाने आकाशात फिरणाऱ्या सर्चलाइटवर १९५८ सालीच बंदी घातली. फ्रान्सने २०१३ पासून दुकानांच्या काचेतले दिवे रात्री एक वाजता आणि कचेऱ्यांतले दिवे शेवटचा माणूस गेल्यावर तासाभरात बंद करायला लावले. आमच्या शाखेत शेवटचा माणूस बहुधा मीच असतो, त्यामुळे या कायद्याची अंमलबजावणी मी फुकट करून देईन.

मागण्या पाचच आहेत आणि एकीलाही निधी लागत नाही. दिवा गरज असेल तिथेच लावावा. त्याचं तोंड खाली असावं. लागतो तेवढाच प्रखर असावा. काम संपलं की विझावा. रात्री बारानंतर होर्डिंग कोण वाचतं? आणि रंग पिवळसर असावा, निळसर पांढरा नको. झाडांवर दिवे तर नकोतच. झाडाने दिवसभर ड्यूटी केल्यावर रात्री त्याच्या अंगावर माळा टाकणं हा ओव्हरटाइम आहे, आणि तोही बिनपगारी.

बेवारस ठेवीची एक गोष्ट फार चांगली असते. रिझर्व्ह बँकेकडे गेली तरी मालकाने किंवा वारसाने दावा केला, की ती परत मिळते. आकाशाचं तर त्याहून सोपं. नदी नासली की साफ करायला पिढ्या जातात. हे प्रदूषण मात्र असं आहे, की बटण बंद केलं की त्याच क्षणी संपतं. तारे कुठेही गेलेले नाहीत. म्हातारीची बाज जागेवर आहे, तिन्ही चोर अजून टपलेलेच आहेत, आणि अरुंधती कुणीतरी बोलावील म्हणून थांबलेली आहे.

१९८० च्या दशकाच्या अखेरीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने इथली माणसं हरित वसईसाठी रस्त्यावर उतरली होती. झाडं आणि विहिरी आपल्या आहेत, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. आकाशासाठी रस्त्यावर उतरायचीही गरज नाही. फक्त गच्चीवर चढायचं आणि आधी आपल्याच टाकीवरचा फोकस खाली वळवायचा. स्क्रू-ड्रायव्हर मी घेऊन येतो. शिडी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे आहे, आणि ते म्हणतात, आधी जनरल बॉडीत ठराव पास करून आणा. सभा रविवारी रात्री आठ वाजता, गच्चीवर. कृपया कोरमपुरते तरी या, आणि येताना टॉर्च आणू नका.